चिकटलेली दोन पानं

घरात मी कमी बोलते. लग्नानंतर पहिल्या वर्षी पाहुणे सासूबाईंना हळूच विचारायचे, "सूनबाईंना राग आलाय का?" राग नसायचा. दिवसभर वर्गात बोलून झाल्यावर घरी आणायला काही उरत नसे, एवढंच. अशा बाईचा आवाज आज जुन्नर-आंबेगावातल्या किती शाळांच्या टॅबमध्ये आहे, ते मला सांगता येणार नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

त्या आवाजापायी एका मुलीचं काय झालं ते मी घरातही सांगितलेलं नाही. नवऱ्याला हे वाचूनच कळेल. वाचून तो विचारेल, मग नक्की चुकलं कुठे? जे झालं ते लिहिते.

आमची शाळा खोडदच्या पुढे एका वस्तीवर आहे. चौथीपर्यंत वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान असलेले सर. खिडकीतून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसतात. त्या वळल्या की एखादं पोरगं "डिश फिरली" म्हणतं आणि बाकीची मान वर न करता लिहीत राहतात. मोबाइलला रेंज पहिल्यापासून रडकी. लोक त्याचं खापर तबकड्यांवर फोडतात. खरं-खोटं मला माहीत नाही. पण त्यामुळे नेटवरून काही दाखवायचं म्हटलं की चाक फिरत राहायचं आणि मुलं त्या चाकाकडेच बघत बसायची.

पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्या मंडळींनी शाळेला टॅब दिले तेव्हा त्यात गोष्टी भरलेल्या होत्या. आवाज एका गोड बाईचा. आमच्या मुलांनी दोन दिवस ऐकलं आणि एकाने निकाल दिला, "ही बाई टीव्हीतल्यावानी बोलती, आपल्याला न्हाई बोलत."

त्यावरूनच मला सुचलं. वाचनाच्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचे, गोष्ट मी माझ्या आवाजात वाचायची, आणि सरांनी दोन्ही जोडायचं. पानावर बोट ठेवलं की माझा आवाज सुरू होणार, आणि मी वाचत असेन ती ओळ पिवळी होणार. नेट लागायचं नाही. सर म्हणाले, "मॅडम, हे भारी होईल." कुणी असं म्हणायची मला सवय नव्हती.

रेकॉर्डिंग मी वारूळवाडीच्या घरी केलं, स्वयंपाकघराचं दार लावून. पुढच्या खोलीत टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे. पहिलीच गोष्ट कोंबडी हरवलेल्या म्हातारीची. ती घरोघर विचारत फिरते, विहिरीपाशी जाते, आणि कोंबडी तिच्याच घराच्या कौलांवर बसलेली असते. "म्हातारी म्हणाली," एवढं मी वाचलं आणि सासूबाई बाहेरून ओरडल्या, "अगं, दूध उतू चाललंय!" मी अंगठा दाबून फोनचं रेकॉर्डिंग थांबवलं, गॅस बंद केला, आणि परत सुरुवात केली, "म्हातारी म्हणाली, माझी कोंबडी कुणी पाहिली का?" सर म्हणाले, सासूबाईंची हाक कापली, दोनदा आलेलंही कापून टाकतो. मी म्हटलं राहू द्या, कोण एवढं ऐकतंय.

एकीने ऐकलं.

ती तेव्हा तिसरीत होती. घरी मेंढरं. वस्तीवरच्या बाकीच्यांनी कधीच शेती धरली होती, त्यांच्याकडे मात्र कळप होता. दिवाळी झाली की आई-बाप कळप घेऊन निघायचे आणि मुलगी सोबत जायची, घरी ठेवायला कुणी नव्हतं. खतासाठी लोकांच्या रानारानांतून मेंढरं बसवत फिरायचं, पाऊस तोंडावर आला की परतायचं. पहिली-दुसरीची निम्मी वर्षं तिची अशीच गेली होती. तिसरीत अक्षरं ओळखायची, पण दोन अक्षरं जोडायची वेळ आली की गप्प. त्या दिवाळीत निघताना मी तिच्या आईच्या मोबाइलमध्ये माझ्या सगळ्या गोष्टी घालून दिल्या, पानांच्या फोटोंसकट, आणि एक छापील पुस्तकही दिलं. "ऐकायचं आणि ओळीवर बोट फिरवायचं. रोज." आई म्हणाली, "व्हय बाई, रोज लावीन."

आईने शब्द पाळला. कसा पाळला ते मला फार नंतर कळलं.

जूनमध्ये ती परतली. चौथीचा पहिला दिवस. पुस्तक हातात दिलं तर घडाघडा वाचायला लागली. मी सरांना हाक मारली. त्यांनी दुसरी गोष्ट काढून दिली, तीही वाचली. मला भरून आलं. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला काही संशय आला नाही. किंवा आला असेल आणि मी त्याला उभंच केलं नसेल. आता आठवताना दोन्ही खरं वाटतं.

श्रावणात केंद्राची शिक्षण परिषद आमच्या शाळेत भरली. आसपासच्या शाळांचे शिक्षक पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. केंद्रप्रमुख सरांनी माझ्या बोलक्या गोष्टींबद्दल सांगायला लावलं. मी सांगितलं. मागून एक शिक्षक म्हणाले, "मॅडम, टॅबवर पोपटासारखी बोलतात हो सगळी. हातात पुस्तक द्या, दातखीळ बसते." हसले सगळे. मीही हसले, आणि त्या मुलीला बोलावलं. हातात छापील पुस्तक दिलं. म्हातारीची गोष्ट.

तिने वाचायला सुरुवात केली. बोट ओळीवर, आवाज खणखणीत. मी तिच्या मागे उभी होते. "म्हातारी म्हणाली," ती म्हणाली, थांबली, आणि परत म्हणाली, "म्हातारी म्हणाली, माझी कोंबडी कुणी पाहिली का?"

दुधापाशी मी अशीच थांबले होते. पण केंद्रप्रमुख सर खूश होऊन शेजारच्यांना म्हणत होते, "बघा, दोनदा म्हणाली! कीर्तनकार आहे पोरगी."

मग तिने पान उलटलं. ते वर्गातलं पुस्तक होतं, पोषण आहाराची आमटी सांडून दोन पानं एकमेकांना चिकटलेली. तिच्या बोटांत दोन्ही एकदम आली. समोर आता शेवटचं पान होतं, कौलांवर बसलेल्या कोंबडीचं चित्र. आणि ती वाचत होती विहिरीचं. तोच खणखणीत आवाज, बोट ओळीवरून सरकतंय, ओळी भलत्याच.

हे फक्त मला दिसत होतं. समोर बसलेल्यांना पुस्तकाची पाठ दिसत होती.

मी वाकले. नखाने ती दोन पानं सोडवली, आणि विहिरीचं पान तिच्या बोटाखाली आणून ठेवलं. तिचा आवाज एका शब्दापुरताही अडखळला नाही. कुणाला वाटलं असेल, वाऱ्याने उडालेलं पान बाईंनी सारखं केलं.

टाळ्या झाल्या. आमच्या शाळेतल्या सरांनी मोबाइलवर सगळं घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते शिक्षकांच्या ग्रुपांवर फिरलं. नीट पाहिलं तर त्यात माझा हात दिसतो, पान सारखं करणारा. कुणी नीट पाहिलं नाही.

नंतर मंचरला प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं. माझ्या गोष्टी भरून घ्यायला पेनड्राइव्ह घेऊन लोक रांगेत उभे राहिले. मी, जी घरी चार वाक्यं बोलत नाही, ती दीड तास बोलले. त्या मुलीचं उदाहरण दिलं. का दिलं? व्यासपीठावर गेल्यावर तेच तोंडातून आलं.

तिला काहीच येत नव्हतं असंही नाही, आणि माझा घोळ तिथेच झाला. 'आई', 'घर', 'पाणी' हे शब्द ती कुठेही ओळखायची. मग मला वाटायचं, वाचतेच की. थोडं पाठ, थोडं वाचन, सगळी मुलं अशीच शिकतात. मी लहानपणी कविता आधी पाठ केल्या आणि अक्षरं नंतर ओळखली, असं स्वतःला सांगायचे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा शब्द लिहायचे, तर ती फळ्याकडे बघायचीच नाही. माझ्या तोंडाकडे बघायची.

एकदा केंद्रप्रमुख सरांना फोनवर म्हटलंही, "सर, ती मुलगी बहुतेक पाठ म्हणते." ते हसले. "अहो मॅडम, पाठ तरी कोण करतंय आजकाल! चांगलंच आहे की." मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. 'बहुतेक' हा शब्द मी का घातला?

श्रावण ते दिवाळी माझ्या हातात होते. तिला शेजारी बसवून, टॅब बाजूला ठेवून, दोन-दोन अक्षरं जोडायला शिकवता आली असती. पण तसं बसवलं असतं तर वर्गाला कळलं असतं, सरांना कळलं असतं. मी काय केलं? तिला वाचनाच्या गटाची प्रमुख केलं. ती बाकीच्यांना गोष्टी 'वाचून' दाखवायची, आणि तिच्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू यायचा. कुठे श्वास घेतला, कुठे घसा खाकरला, सगळं जिथल्या तिथे. दिवाळीनंतर ती मेंढरांमागे गेली. परतली ती पाचवीत, मोठ्या शाळेत. आमच्याकडून ती प्रगतिपुस्तकावर 'उत्तम वाचन' असा शेरा घेऊन गेली. सही माझी होती.

पुढच्या हिवाळ्यात अवसरी बुद्रुकहून माझ्या भावाचा फोन आला. ते माझं माहेर.

"ताई, तू गावात आली हायेस का?"

"नाही रे. का?"

"मग रानातनं तुझा आवाज कसा येतोय?"

मला वाटलं चेष्टा करतोय. तो म्हणाला, "अगं, कांदा काढल्यावर रानात मेंढरं बसवलीत. त्यांच्या मोबाइलवर तुझी गोष्ट लागती, दिस मावळला की. लई मोठ्यानं. माणसाचा आवाज असला की बिबट्या फिरकत न्हाई म्हणत्यात. बिबट्या पळाला, राव, पर आमचं वासरू बी खुंट्याला हिसके द्यायला लागलंय. तुझ्या म्हातारीची कोंबडी घावली का न्हाई अजून?"

मला हसू आलं, आणि मग आठवलं, मेंढरांमागे फिरणाऱ्या एकाच आईच्या मोबाइलमध्ये मी गोष्टी घातल्या होत्या. म्हणजे तीन हिवाळे, रोज, दिवेलागणीला, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती माझा आवाज बिबट्या हाकलत होता, आणि ती मुलगी तो ऐकत होती. बोट फिरवायला उजेड तरी कुठला असणार तिथे?

रविवारी मी अवसरीला गेले. भाऊ म्हणाला, "चहा तरी घे." मी म्हटलं, येऊन घेते.

दुपार होती. बाप कळप चारायला गेला होता, कोकरं तेवढी मागे होती. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. मला बघून उठायला लागली. "बाई! बसा, बसा. पोरी, पोतं टाक गं बाईंस्नी."

मुलगी वाकून पोतं अंथरत होती. तिने वर पाहिलं तर डोळ्यांवर चष्मा. मागून लवचिक पट्टीने बांधलेला.

"चष्मा कधी लागला?" मी विचारलं.

"काय सांगू बाई," आई म्हणाली. "तुमच्या शाळंत किती ग्वाड वाचायची. मोठ्या शाळंत गेली आन काय झालं कुणास ठावं. पुस्तक धरलं की डोकं दुखतं म्हणायची. मास्तर म्हणलं, हिला वाचताच येत न्हाई. ह्यांनी भांडाण केलं. म्हणलं, आमच्या पोरीचा व्हिडिओ हाय, समद्या तालुक्यानं बघितलाय! मग मंचरला डोळ्याच्या डाक्टरकडं न्हेली. त्ये म्हणलं, थोडासा नंबर हाय. तरी जाईना शाळंत. आता ह्यास्नी वाटतंय, डोळं बादच झालं का काय. पुढं हिला कसं व्हायचं?"

भाकरी तव्यावर टाकून तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्याकडून धीर हवा होता. होईल सगळं नीट, असं म्हणायचं आणि उठायचं, एवढंच करायचं होतं मला. आणि थोडा नंबर खरंच होता की! डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्यांमुळेच असेल, असं मला त्या क्षणी किती मनापासून वाटावंसं वाटलं, ते लिहिताना आताही लाज वाटते. अजूनही खात्रीने सांगता येत नाही की त्यात डोळ्यांचा काहीच भाग नव्हता.

मी म्हणाले, "तिचे डोळे ठीक आहेत. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या शाळेत होती तेव्हाही. सगळं पाठ होतं, माझ्या मोबाइलवरच्या आवाजावरून. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

आई तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपल्याचा वास आला तशी तिने ती पटकन उलटली.

"म्हंजी डोळं चांगलं हायेत?"

"हो."

"नक्की?"

"थोडा नंबर आहे. वाचायला अडणार नाही."

"आंधळी न्हाई ना व्हायची?"

"नाही हो."

तिने पदराने तोंड पुसलं. मी रागाची वाट बघत होते. पण ती हसली, आणि मी पुरती गोंधळले. "मंग बरंय की. आवं, पाठ तर मला बी हाय समदं." आणि भाकरी थापत थापत तिने सुरू केलं, "येका गावात येक म्हातारी व्हती. म्हातारी म्हणाली... म्हातारी म्हणाली, माजी कोंबडी कुणी पायली का?"

कधी शाळेत न गेलेल्या त्या बाईच्या तोंडून माझ्या उतू चाललेल्या दुधाचा तो थांबा मी ऐकला. ती माफ करत होती, की तिला मी काय केलं ते कळलंच नव्हतं? विचारायचं होतं. विचारलं नाही.

मुलगी हे सगळं ऐकत होती. एक कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. आई पाणी आणायला विहिरीकडे गेली तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला ठावं व्हतं तुमास्नी ठावं हाय."

"कधीपासून?"

"तुमी पान सारखं केलं तवापासून. मला वाटलं, असंच करायचं आसतं."

मी तिच्या मांडीवरचं कोकरू थोपटलं.

"मोठ्या शाळंत म्हणत्यात मनात वाचा," ती म्हणाली. "मनात वाचताना तुमच्या डोक्यात कुणाचा आवाज येतो?"

मी विचार केला. आयुष्यात कधी केला नव्हता. "माझाच येतो बहुतेक."

"माझ्या बी तुमचाच येतो. जे तुमी वाचलेलं न्हाई, तितं कायच येत न्हाई."

त्यानंतर मी काय बोलले ते नीट आठवत नाही. चुकलं असं म्हणाले असेन. ती म्हणाली, "आसू द्या," जसं मोठ्या माणसांकडून ऐकलेलं होतं तसं. मग मी विचारलं, ते छापील पुस्तक आहे का? तिने गाठोड्यातून काढलं. कोपरे दुमडून गोल झालेले. तिच्या आईचा मोबाइल बंद करून मी पोत्याखाली ठेवला आणि म्हटलं, "आता घाई करायची नाही. माझा आवाज आठवायचाही नाही. एकेक अक्षर. चुकलं तर चुकू दे."

तिने चष्मा काढला, कोकराच्या पाठीला पुसला, परत घातला. पहिल्या ओळीला किती वेळ लागला! "ए... का... गा..." मध्येच पाठ असलेलं वाक्य धावत पुढे यायचं आणि ती स्वतःच ओठ दाबून त्याला थांबवायची. फळी धरून पोहायला शिकलेल्याची फळी काढून घ्यावी, तसे तिचे खांदे ताठ झाले होते. मला दोनदा वाटलं, पुरे, छळ करतेय मी हिचा.

ती म्हातारीपाशी आली. "म्हा... ता... री. म्ह... णा... ली." बोट पुढे सरकलं, थांबलं, मागे आलं. परत पुढे. तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"बाई, हितं येकदाच हाय."

"काय?"

"म्हातारी म्हणाली. तुमी तर दोनदा म्हणता."

"पुस्तकात एकदाच आहे."

"मंग तुमी दोनदा का म्हणला?"

"दूध उतू चाललं होतं," मी म्हणाले. "सासूबाईंनी हाक मारली. गॅस बंद करून आले आणि पहिल्यापासून म्हटलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तीन हिवाळे त्या थांब्यावर ती थांबत आली होती. तिला राग आला की हसू, मला कळलं नाही. चेहऱ्यावर दोन्हीसारखं काहीतरी होतं.

"म्हंजी ते गोष्टीतलं न्हाईच."

"नाही."

तिने बोट पुढच्या शब्दावर ठेवलं आणि सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ओठ मिटले. तरी ती बघतच राहिली, तेव्हा मी पोत्यावरच वळले आणि तिच्याकडे पाठ करून कांद्याच्या रिकाम्या रानाकडे तोंड केलं. भाऊ बांधावर चहाची किटली घेऊन उभा होता, हाताने विचारत होता, काय चाललंय? मी त्याला हाताने थांब म्हटलं.

मागे बराच वेळ काहीच आलं नाही. मी वळले नाही.

"मा... झी..." ती म्हणाली.